वरची काडी

ज्यांच्या घरची लेक नायतर सून मास्तरकीचं शिकतीय आन् उद्या तिला सरावासाठी कुठल्यातरी लांबच्या शाळंवर धाडणार हायत, त्यांच्यासाठी हे सांगायलोय. म्या जाऊन आलोय. धाडलं होतं सुनंला, पर गेलो म्या बी. परीक्षा तिची होती आन् घाम माझा गेला. लिवून घ्यायला तीच बसलीय, शीतल, माझी सून. मला लिवाया येत न्हाय. सही येती, पर ती दर टायमाला येगळी येती, म्हणून बँकेतला माणूस मला दारात बघितलं की च्या प्यायला उठून जातो.

तिचं कौतुक आलं की तिचं पेन थांबतंय. मग म्या दम देतो, आन् ती लिवती. हे बी लिव म्हणलं.

जळकोट

लग्न होऊन आली त्याच साली शीतलचा डी.एड.ला नंबर लागला. मग लेकरू झालं. नात. कागदावर तिचं नाव आराध्या हाय, माझ्या तोंडात ते बसंना म्हणून म्या ठमी म्हणतो. दुसऱ्या वर्षी सरावाची शाळा लागली, ती पार तेरखेड्याच्या अंगाला एका वाडीत. आमी जळकोटचे, म्हंजी जिल्ह्याच्या ह्या टोकाचे, आन् शाळा त्या टोकाला. पोरगं माझं पुण्याकडं कंपनीत. आमच्या मंडळीचे गुडघे असे, की देवळाची पायरी बी ती खालूनच पाया पडती. आन् ठमी अजून आईच्या अंगावर पिणारी.

पारावर थोरला भाऊ बोलला, "वैजिनाथ, लेकराची आई हाय ती. शाळा काय पळून चाललीय का?"

मला कुणी गप बसवाया बघितलं की माझं तोंड जास्तच चालतंय. म्या म्हणलं, "शाळा न्हाय दादा, आमीच चाललाव. सून शिकवंल, म्या लेकरू सांभाळतो. मास्तरीण होऊनच आणतो बघ."

सगळा पार हसला. कारण भावानं मागं एकदा मला शेळी सांभाळाया दिलती, ती अजून घावली न्हाय.

आता एक गोष्ट आधीच सांगून ठिवतो. आमच्या घरात सून सासऱ्यापुढं डोईवर पदर घेती आन् हळू बोलती. असा कायदा कुणी केला न्हाय, चालत आलंय. शीतल आल्यापासनं म्या तिच्या तोंडून दोनच गोष्टी ऐकल्या होत्या. एक, "व्हय मामा". दुसरी, "च्या ठिवू का मामा". त्याबी कान टवकारून ऐकाव्या लागायच्या. मला वाटायचं, देवानं पोरीला आवाजच एवढा दिलाय.

माझ्या तीनचाकी आप्प्यात गादी, शेगडी, ठमीची झोळी आन् शीतलचं शिकवायचं सामान भरलं. चित्रांचे तक्ते, पुठ्ठ्याची रंगीत फळं, आन् तुरीच्या वाळक्या काड्यांचा एक भारा. म्या इचारलं, "चूल पेटवायला का?" ती पदराआडून म्हणली, "न्हाय मामा. गणितासाठी." म्या मान हलवली, जसं काय मला कळलं.

येडशी

तुळजापूर, धाराशिव मागं टाकलं. त्या रस्त्याचं काय सांगायचं? आप्प्यात बसून माणूस हाडं मोजतो, बाकी काय बघत न्हाय. येडशीला थांबलो. म्हणलं, चांगल्या कामाला निघालोय, रामलिंगाच्या पाया पडून जावं. खाली दरीत देऊळ, वर झाडी, पाणी वाहतंय, लई गार वाटतंय. आमच्याकडं माळ म्हंजी नुसता माळ, सावली हुडकायला म्हशीखाली बसावं लागतंय. इथं झाडाखाली झाड. आन् झाडावर वानरं.

दर्शन करून वर आलो तर एक बाप्या वानर आप्प्यात बसलेला, हातात शीतलनं केलेलं पुठ्ठ्याचं केळ. पिवळंधमक रंगवलेलं, देठ बी काळा. त्यानं ते सोलायला बघितलं. सोलंना. चावलं. मग माझ्याकडं बघितलं. तसं मला आमच्या व्याह्यांनी बी कधी बघितलं न्हाय, आन् त्यांच्या मानपानात म्या बऱ्याच चुका केल्यात. केळ त्यानं माझ्या तोंडावर फेकलं, आन् भरपाई म्हणून माझी टोपी घेऊन फांदीवर गेला.

म्या खालनं वरडलो, हात जोडले, खिशातली खरी शेंगदाण्याची चिक्की दाखवली. चिक्की बी गेली. टोपी बी गेली. मागं वळून बघतो तर शीतलचा पदर गदगद हलायला. हसत होती, पर आवाज न्हाय. म्या मनात म्हणलं, बिचारीचं हसू बी मुकंच हाय.

वाडी

तेरखेड्यात रस्त्याच्या कडंला फटाक्याची दुकानं वळीनं. कुणीतरी मागं शेतात एक मोठ्या आवाजाचा वाजवून बघितला. ठमी खदखदा हसली. म्या आप्प्यातून खाली उडी मारून उभा होतो. दुकानदार म्हणला, "पाव्हणं, नवीन दिसताव."

तिथनं आत वाडी. वाडीचं नाव म्या सांगत न्हाय. फजिती माझी हाय, त्यांच्या गावाला कशाला त्रास? शाळा दोन खोल्यांची, पुढं कडुलिंबाचं झाड, पाण्याची टाकी, आन् दोन मास्तर. त्यातले मोठे हेडसर. त्यांनी शीतलला दुसरीचा वर्ग दावला आन् माझ्याकडं बघून इचारलं, "आपण?"

"म्या सासरा," म्हणलं. "लेकराची आया म्हणून आलोय."

हेडसरांनी ठमीची झोळी बघितली. मग म्हणले, "बसा. व्हरांडा मोठा आहे."

पोरांची खिचडी शिजवायला सुंदराबाई होत्या, त्यांनीच आमाला त्यांच्या घराशेजारची रिकामी खोली दिली. पहिल्या दिवशी त्यांनी येसराची, म्हंजी भाजल्या डाळी-मसाल्याच्या पिठाची आमटी आन् भाकर धाडली. आमच्याकडं जळकोटला कर्नाटक जवळ, कडक भाकर न् शेंगाची चटणी असली की माणूस गप. इथली भाकर जाड, मऊ, आन् ती आमटी अशी की म्या भांडं पुसून खाल्लं, पार पुसून. सुंदराबाई भांडं न्यायला आल्या न् म्हणल्या, "अगं बाई, घासून ठिवलंय व्हय!" म्या म्हणलं, "व्हय." खोटं कशाला बोलायचं? जिभंनं घासलं तरी घासलंच की.

म्या वर्गाच्या खिडकीखालीच झोळी बांधली. हेतू चांगला होता. ठमी रडली की शीतलला दिसावं, आन् शीतलला धीर यावा. मधी मधी म्या खिडकीत तोंड घालून मान डोलवायचो, शाबास म्हणायचो. आन् आत शीतल फळ्यापुढं डोईवर पदर घेऊन असं बोलायची, जसं देवळात कुणी नवस सांगतंय. पुढची पोरं माना लांब करायची. मागची पोरं एकमेकाच्या पाठीवर बोटानं चित्रं काढायची.

आठवडाभरानं कॉलेजच्या मॅडम निरीक्षणाला आल्या. सरावातल्या पोरी कशा शिकवतात ते त्या मागं बसून बघतात आन् मार्क देतात. पाठ झाल्यावर व्हरांड्यातच म्हणल्या, म्हणून मला ऐकू आलं.

"शीतल, तुझं साहित्य सुंदर आहे, पाठाचं टाचण चांगलं आहे. पण आवाज दुसऱ्या ओळीच्या पुढे जात नाही. शेवटच्या पाठालाही असंच झालं तर मी तुला पास करू शकणार नाही. सगळा सराव पुढच्या वर्षी परत."

शीतलनं मान खाली घातली. माझ्या डोळ्यापुढं पार आला आन् पारावरचा भाऊ. पुढच्या वर्षी तिला कोण धाडणार होतं? सगळे म्हणले असते, एकदा बघितलं की, बास झालं. आन् त्यांच्यापुढं माझं शेळीएवढं बी चाललं नसतं.

औषध

मग म्या तिच्या आवाजाच्या मागं लागलो. लवंग चघळायला दिली. आल्याचा रस दिला. जेष्ठमध दिलं. कुणीतरी सांगितलं म्हणून हळदीचं दूध दिलं, त्यात चुकून तिखटाची चमची पडली. तेबी तिनं "व्हय मामा" म्हणून पिलं, आन् डोळ्यातनं पाणी काढत शाळंत गेली. आन् म्या? म्या झोळी आणखी खिडकीजवळ सरकवली. धीर वाढावा म्हणून.

एक दिवस आप्प्यात डिझेल भरायला तेरखेड्याला गेलो. ठमीला सुंदराबाईकडं ठिवलं. परत आलो तर सुंदराबाई तांदूळ निवडत माझ्याकडं बघून हसायल्या.

"तात्या, आज काय पाजलंत सुनंला?"

"आज न्हाय पाजलं काय. का वो?"

"आज तिचा आवाज पार टाकीपतूर येत होता. कविता म्हणून घेतली पोरांकडनं. माझी म्हस बी कान देऊन उभी."

"मग जेष्ठमधानं गुण दिला म्हणायचं!"

सुंदराबाईंनी सूप खाली ठिवलं. "अवो तात्या, तुमी औषध पाजायला लागलाव, आन् आजार तुमीच हाव! खिडकीत सासऱ्याचं तोंड असल्यावर कुठली सून मोठ्यानं बोलंल?"

म्या खालीच बसलो. तांदळाच्या सुपात बसलो, ते नंतर कळलं.

मग म्या लपायला सुरुवात केली. लिंबाच्या मागं उभारलो, तर माझं पोट दोन्ही बाजूनं दिसायचं. टाकीच्या मागं बसलो, तर खोकला आला. माझा खोकला आमच्या गावात लोकं घड्याळासारखा वापरतात. आत आवाज वाढत होता, तो लगीच दिवा बारीक करावा तसा बारीक झाला. एकदा सुंदराबाईच्या गोठ्यात गेलो, पर चपला व्हरांड्यात इसरलो. शीतलला चपला दिसल्या. सासरा नसला तरी त्याच्या चपला हायत म्हणून तिनं चपलांपुढं बी पदर घेतला.

गड्ड्या

शेवटच्या पाठाच्या आदल्या दिवशी शीतलला लई कामं होती. तक्ते चिकटवायचे, फळा रंगवायचा. तुरीच्या काड्या तशाच पडलेल्या. ती म्हणली, धा-धा काड्यांच्या गड्ड्या बांधायच्यात, दशक म्हणत्यात त्याला.

म्या म्हणलं, "दे इकडं. कडब्याच्या पेंढ्या बांधण्यात माझा जलम गेलाय."

मला लई बरं वाटलं. आजार असून औषधाच्या कामी येतोय म्हणून. ठमीला मांडीवर घेतलं आन् दुपारभर गड्ड्या बांधल्या. एकेक गड्डी अशी की पैलवानानं ओढली तरी सुटू नये. संध्याकाळी शीतलपुढं ढीग ठिवला. तिनं एक गड्डी हातात घेतली, मोजायला बोट लावलं, आन् माझ्याकडं बघून बोट काढून घेतलं. सासऱ्यानं बांधलेलं सुनंनं फिरून मोजायचं म्हंजी सासऱ्यावर भरोसा न्हाय असं झालं असतं. "लई चांगल्या झाल्या मामा," एवढंच म्हणली.

पाठ

माझा बेत पक्का होता. मॅडम यायच्या आधी ठमीला घेऊन आप्प्यानं तेरखेड्याला पळायचं, पाठ संपल्यावर यायचं. पर मॅडमची गाडी लवकर आली आन् माझ्या आप्प्याच्या मागं आडवी लागली. ड्रायव्हर च्या प्यायला गेला. इकडं ठमीनं सूर लावला. म्या तिला घेऊन व्हरांड्यात नाचायलो, आन् मॅडमनं दारातनं बघितलं.

"आजोबा, उन्हात कशाला? आत या, बसा."

"न्हाय मॅडम, म्या लांब..."

"अहो या. बाळ आईला बघून गप्प होईल."

जागा कुठं दिली? पहिल्या वळीत. पोरांच्या सतरंजीवर, आरती नावाच्या एका पोरीशेजारी. शीतलच्या बरोब्बर नाकापुढं. म्या ठरवलं, दगड व्हायचं. खोकायचं न्हाय, मान डोलवायची न्हाय.

शीतलनं माझ्याकडं बघितलं, पदर सारखा केला, आन् तिचा आवाज गेला. मागं मॅडमनं पेन उघडलं.

तिनं पोरांच्या घोळक्यांना गड्ड्या वाटल्या. गणित असं, तीन गड्ड्या आन् दोन सुट्ट्या काड्या. बत्तीस. त्यातनं सात काड्या काढायच्या. सुट्ट्या दोनच हायत, मग एक गड्डी सोडायची, तिच्या धा सुट्ट्या करायच्या, आन् त्यातनं द्यायच्या. हे ती एवढं हळू बोलली की मला बी तोंडाकडं बघून समजून घ्यावं लागलं.

आरतीनं गड्डी सोडली. सुटता सुटंना, दातानं सोडली. मोजलं. परत मोजलं. आन् ठणकावून म्हणली, "बाई, ह्यात तर अकरा हायत!"

मागनं दुसरा घोळका, "आमच्यात बी अकरा!" तिसरा, "बाई, आमचं दशक जास्तीचं हाय!"

शीतल खडू धरून तशीच उभी. तोंड पांढरं. मॅडम पुढं वाकल्या. आन् मला, दगडाला, राहावलं न्हाय.

म्या उठून म्हणलं, "बरोबर हाय! धा आन् एक वरची!"

आरती म्हणली, "न्हाय आजोबा, दशक म्हंजी धाच."

"अगं पोरी, माल देताना नुसता मापात देत्यात का? कडबा देताना वर पेंढी टाकावी लागती. गिऱ्हाईक हसत गेलं पायजे."

"पर हे गणित हाय!"

"आन् ते काय फुकट हाय? तुझा बाप कडबा विकतो का?"

"माझा बाप ड्रायव्हर हाय!"

"मग त्याला काय ठावं!"

पोरं खदाखदा हसायला लागली. एकानं काड्या वर उडवल्या. ठमी रडायला लागली. म्या आरतीच्या हातातली काडी ओढायलो, ती सोडंना. आन् तेवढ्यात,

"मामा! खाली बसा!"

सगळा वर्ग गप. ठमी गप. शेजारच्या खोलीत हेडसर शिकवत होते, ते बी गप.

"आन् आरतीची काडी द्या तिला परत! हा वर्ग आहे, बाजार न्हाय. इथं मी बोलेपर्यंत कुणी मधी बोलायचं न्हाय. कळलं?"

म्या खाली बसलो. "कळलं, बाई," म्हणलं. काडी दिली.

मग शीतलच्या ध्यानात आलं की आपण काय बोललो. तिचा पदर खांद्यावर आलता. म्या बघत होतो, आता हात वर जाणार, पदर डोईवर जाणार, आन् आवाज परत मुका होणार. हात वर गेला बी. पर त्यात खडू होता, आन् तो फळ्याकडं गेला.

"आजोबांनी प्रत्येक गड्डीत एक काडी वरची घातलीय," ती वर्गाला म्हणली, खणखणीत. "आता सगळ्यांनी सगळ्या गड्ड्या सोडायच्या. स्वतः मोजायचं. दशकात धाच राहिल्या पायजेत. ज्याला वरची काडी सापडंल, त्यानं आजोबांना नेऊन द्यायची. चला!"

पोरं तुटून पडली. दातानं, नखानं माझ्या पैलवानी गाठी सोडल्या. अन् एकेक पोरगं येऊन माझ्या मांडीवर काडी ठिवायला लागलं. "घ्या आजोबा, तुमची वरची." "घ्या आजोबा." आरतीनं तर मला मोजून दावलं, मग दिली. एका गड्डीत म्या बारा घातल्या होत्या, त्या पोरानं दोन आणून दिल्या आन् म्हणला, "आजोबा, ह्यात दोन गिऱ्हाईकं हसवली व्हय?" मांडीवर काड्यांचा ढीग, त्यात ठमी, तिच्या तोंडात एक काडी. मागच्या वळीतली पोरं, जी पाठीवर चित्रं काढायची, ती फळ्यापतूर येऊन उत्तर लिवत होती. पंचवीस. पंचवीस. पंचवीस. शीतल वळीवळीतनं फिरत होती, आन् तिचा आवाज तिच्या पुढं चालत होता. खिडकीत सुंदराबाई उलथणं घेऊन उभ्या. आत बघून डोळे पुसायल्या, आन् तिकडं खिचडी करपायली.

पाठ संपला. मॅडम उठल्या.

"शीतल, तुझा आवाज माझ्या ड्रायव्हरला रस्त्यावर ऐकू आला, तो कप घेऊन पळत आला. काय झालं म्हणून." मग हसल्या. "आणि गड्ड्यांमध्ये मुद्दाम चूक पेरायची, मुलांनी ती स्वतः शोधायची, ही कल्पना कुणाची?"

म्या तोंड उघडलं, की मॅडम, मुद्दाम न्हाय, मला खरंच तसं वाटलं. शीतलनं माझ्याकडं एक नजर टाकली. मास्तरणीची. म्या तोंड मिटलं.

"मामांची," ती म्हणली.

लोकं आता मला इचारतात, तात्या, सुनंचा आवाज फुटावा म्हणूनच तुमी भांडलाव ना? आईशप्पत न्हाय. म्या खराखुरा भांडलो. आजून बी मला वाटतंय, धा म्हणून धाच देणं बरं दिसत न्हाय.

घरी

येताना कुंथलगिरीचा पेढा घेतला, पारावर वाटायला. येडशीला थांबलो न्हाय. माझी टोपी कुणाच्या डोईवर असंल ते मला बघवलं नसतं. पर शीतल वाटंत बोलत होती. आप्प्याच्या आवाजावर बोलत होती, म्हंजी किती ते तुमीच समजा. पोरं कशी, हेडसर काय म्हणले, पुढची परीक्षा कवा, समदं. म्या पहिल्यांदाच ऐकत होतो की माझ्या घरात एवढं बोलणारं माणूस राहतंय.

जळकोटात भाऊ पारावरच होता. म्या पेढा पुढं केला. "पास झाली. मॅडमनं सगळ्यांपुढं शाबासकी दिली."

भावानं पेढा तोंडात टाकला, चावला, आन् म्हणला, "आन् लेकरू?"

म्या ठमीला वर करून दावली. "हे बघ. शेळी न्हाय झाली."

घरी आलो. बाहेर नुकतं पाणी मारलेलं, चिखल. शीतल आत गेली. आमच्या मंडळी उंबऱ्यात बसलेल्या, पोरगी आली म्हणून डोळे भरलेले. म्या थाटात, विजयी माणसासारखा, घरात पाय टाकला, आन् आतनं आवाज आला,

"मामा! पाय पुसून या!"

समोरच्या घरातलं कुत्रं उठून उभारलं. मंडळी दचकल्या. भिंतीला हात लावून म्हणल्या, "अगं बया! कोण वरडलं?"

"आमच्या बाई," म्या म्हणलं, आन् मागं जाऊन, दोन्ही पाय, चांगले पुसले.